सुट्टीतलं ऊन, पावसाळ्यातले पंखे

जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापकांना सगळ्यांत नकोसा कागद म्हणजे विजेचं बिल. किरकोळ खर्चाचं सादिल अनुदान येईल तेव्हा येतं, बिल मात्र महिन्याच्या महिन्याला येतं. थकबाकी वाढली की जोडणी तुटते आणि लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही भिंतीवर नुसता टांगलेला राहतो. पूर्वी शाळांना चक्क दुकानांच्या, म्हणजे व्यापारी दराने वीज लागायची. २०१२ मध्ये वीज नियामक आयोगाने शाळा-दवाखान्यांसाठी सार्वजनिक सेवांचा वेगळा वर्ग केला. दर उतरला, बिल राहिलंच. त्यावर उपाय म्हणजे गच्चीवरची सौर पॅनेल.

चार खोल्यांच्या शाळेला वीज लागते तरी किती? आठ पंखे, आठ ट्यूब, एक टीव्ही, दोन संगणक. सगळं मिळून दिवसाला सात-आठ युनिट. एक किलोवॉटची पॅनेल आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट देतात आणि साधारण शंभर चौरस फूट जागा घेतात. म्हणजे दोन किलोवॉटमध्ये काम भागतं. त्यातही जुना पंखा पंचाहत्तर वॉट खातो, नवा बीएलडीसी पंखा तीसेक. पैसे हातात आल्यावर आधी पंखे बदलावेत, मग पॅनेल किती ते ठरवावं. पण पंख्यांचं उद्घाटन करायला कोणी येत नाही!

शाळा दिवसा भरते, वीजही दिवसाच तयार होते. अडचण मे महिन्याची. ऊन भरपूर आणि शाळेला कुलूप. इथे नेट मीटर उपयोगी पडतो. शाळेने न वापरलेली वीज महावितरणच्या तारांत जाते आणि तेवढी युनिटं खात्यात जमा होतात. जुलैत आभाळ भरून आलं की तीच युनिटं बिलातून वजा होतात. हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपत असल्याने सुट्टीतली जमा वापरायला पुढचे दहा महिने मिळतात. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो. शून्य बिलाचं आश्वासन देणारा विक्रेता ही ओळ गाळून बोलतो.

आणखी एक गोष्ट तो सांगत नाही. बॅटरी नसलेली नेट मीटरची यंत्रणा गावची वीज गेली की स्वतःही बंद पडते. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला शाळेच्या गच्चीवरून येणाऱ्या विजेचा धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर तसाच बनवलेला असतो. त्यामुळे टळटळीत दुपारी, डोक्यावर पॅनेल असताना, वर्गातला पंखा थांबतो. भारनियमनाच्या गावात बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टरच हवा. तो महाग पडतो आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. ते पैसे कोण देणार, हे शाळा व्यवस्थापन समितीने आधीच इतिवृत्तात लिहून घ्यावं.

सावलीचा प्रश्न नाजूक आहे. अंगणातल्या कडुनिंबाची एक फांदी एका पॅनेलवर आली तरी त्याच्याशी जोडलेल्या ओळीची वीज घटते. म्हणून झाड तोडणं हा आडदांडपणा; पॅनेलच दुसऱ्या टोकाला सरकवावीत. धूळ आणि कबुतरांची विष्ठा धुवायची ती सकाळीच, काच तापायच्या आत. प्राथमिक शाळेला बहुधा शिपाई नसतो, पोरांना गच्चीवर चढवायचं नसतं, म्हणजे पाइप गुरुजींच्याच हाती येतो. त्यापेक्षा बसवणाऱ्या ठेकेदाराच्या करारातच पाच वर्षांची धुलाई आणि देखभाल घालावी, आणि शेवटचा हप्ता त्यासाठी राखून ठेवावा.