राजारामचं कॉलेज आणि आर्नो नदीकाठची छत्री

अंबाबाईचं दर्शन झालं की गर्दी आपसूक भवानी मंडपाकडे सरकते. चपलांचे भाव, कोल्हापुरी साज, मिसळ कुठली खायची याचा वाद, या सगळ्या गडबडीत शेजारच्या काळ्या दगडी इमारतीकडे मान वर करून बघणारा विरळाच. शाळा सुटली की पोरांचा लोंढा बाहेर येतो, तेव्हा कुठे परगावच्या माणसाला कळतं की आत वर्ग भरतात. हे मेन राजाराम हायस्कूल. दक्षिण महाराष्ट्राचं उच्च शिक्षण सुरू झालं ते या वास्तूत, राजाराम कॉलेजच्या रूपानं.

पार्श्वभूमी थोडक्यात उरकायची तर अशी. 1880 साली कोल्हापूर संस्थानानं कॉलेज सुरू केलं. ते आधी मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं, पुढे पुण्याच्या. 18 नोव्हेंबर 1962 रोजी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं. कॉलेजही आता शहराबाहेर, विद्यापीठाच्या शेजारी नांदतं. पुणे विद्यापीठाला गणेशखिंडीतला गव्हर्नरचा बंगला आयता मिळाला. कोल्हापूरच्या विद्यापीठानं माळावर सगळं नव्यानं उभारलं. त्यामुळे या विद्यापीठाची 'जुनी इमारत' बघायची असेल, तर माळ उतरून भवानी मंडपातच यावं लागतं.

आता खरी गोष्ट. कॉलेजला ज्याचं नाव आहे तो राजाराम म्हणजे ताराराणीचा पती नव्हे. हा दुसरा राजाराम, 1866 मध्ये दत्तक म्हणून गादीवर आलेला कोवळा मुलगा. 1870 मध्ये तो युरोपच्या दौऱ्यावर निघाला. हिंदू राजानं समुद्र ओलांडणं तेव्हा साधं नव्हतं. हा मुलगा मात्र इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाला भेटला, दादाभाई नौरोजींशी बोलला आणि जे पाहिलं ते इंग्रजीतून रोजनिशीत टिपत गेला. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये तो आजारी पडला आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी वारला. वय अवघं वीस. बरोबर असलेल्या कॅप्टन एडवर्ड वेस्ट या इंग्रज अधिकाऱ्यानं पुढे 1872 मध्ये ती रोजनिशी छापून काढली.

दहन कुठे करायचं, हा पेच होता. इटलीत तेव्हा दहनाची प्रथा नव्हती. खास परवानगी घेऊन आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर चिता रचली गेली. पंचगंगेच्या मुलखातल्या राजाला परदेशातही संगमच मिळाला, हा योग मोठा चटका लावणारा. 1874 मध्ये तिथं घुमटाची छत्री उभी राहिली. आत चार्ल्स फुलर या शिल्पकारानं घडवलेला राजारामाचा अर्धपुतळा आहे. फ्लॉरेन्सचे लोक त्या जागेला 'इंडियानो' म्हणतात. शंभरेक वर्षांनी जवळच मोठा पूल झाला, त्यालाही तेच नाव मिळालं.

या छत्रीचा आराखडा केला मेजर चार्ल्स मँट यांनी, आणि भवानी मंडपातली ही दगडी इमारतही मँट यांचीच. एकाच राजाची आठवण आर्नोकाठी आणि अंबाबाईच्या देवळाशेजारी एकाच हातानं रेखलेली आहे, हे कोल्हापुरातल्या किती शिक्षकांनी मुलांना सांगितलं असेल?

मँट हे रॉयल इंजिनिअर्सचे अधिकारी. देशी घुमट, छज्जे, कमानी आणि विलायती आराखडा यांचा मेळ घालायची त्यांना हौस. कोल्हापूरचा टाउन हॉल त्यांचा, थोरला दवाखाना म्हणजे सीपीआर त्यांचा, न्यू पॅलेस त्यांचाच. अजमेरच्या मेयो कॉलेजचा आणि बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडाही त्यांनी केला. आपले हिशेब चुकले, इमारती कोसळणार, या धास्तीनं शेवटी त्यांचं डोकं फिरलं, असं सांगतात. 1881 मध्ये ते गेले. इमारती मात्र अजून उभ्या आहेत.

हायस्कूलच्या भिंतीपाशी जरा थांबून बघावं. काळा बसाल्ट हा चिवट, छिन्नीला दाद न देणारा दगड. तरी चिऱ्यांच्या कडा अशा बसवल्या आहेत की सांध्यावरून बोट फिरवलं तरी अडत नाही. नाव मँटचं झालं, हे काम पाथरवटांचं. त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत, आणि ही उणीव फक्त याच इमारतीची नाही.

आतल्या वर्गांत कोण कोण बसलं! कागलला प्राथमिक शाळा शिकलेले गोपाळ कृष्ण गोखले मॅट्रिक झाल्यावर याच कॉलेजात आले. शिकवणाऱ्यांची यादी त्याहून भारी. शिवचरित्र लिहिणारे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण, फारसी शिकवणारे माधव जूलियन, कादंबऱ्यांनी तरुणांना वेड लावणारे ना. सी. फडके. 1930 पासून तीन दशकं प्राकृत शिकवणारे आ. ने. उपाध्ये तर जगभरच्या जैनविद्येच्या अभ्यासकांत मानाचं नाव. कन्नडचे प्राध्यापक कुंदणगार ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात रमले. त्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. समुद्रापासून इतक्या आत, पंचगंगेकाठी हा देव आला कसा, याचा विचार करत तिच्यापुढे खुशाल अर्धा तास काढावा.

मध्यंतरी ही इमारत शाळेकडून काढून दुसऱ्या कामाला लावण्याची भाषा झाली, तेव्हा कोल्हापूरकर चवताळून उठले. बरोबरच केलं. जुन्या वास्तूचं संग्रहालय करणं सोपं असतं, पण इथं घंटा वाजते, फळ्यावर गणितं सुटतात, आणि तीच तिची खरी देखभाल आहे. दुरुस्ती जरूर करावी, दगडावर रंगाचा हात मात्र फिरवू नये. पुढच्या वेळी अंबाबाईला जाल तेव्हा शाळेच्या कार्यालयात रीतसर परवानगी विचारा, तास चालू असतील तर बाहेरूनच बघा, आणि बरोबर मुलं असतील तर त्यांना फ्लॉरेन्सची गोष्ट तिथंच उभं राहून सांगा.