ॲव्हरेज सांगण्याआधी लिटर मोजा

भाऊच्या धक्क्यावरून आलेली रो-रो मांडव्याच्या जेट्टीला लागते, गाड्या उतरतात आणि घरी पोचताच चहाबरोबर प्रश्न येतो, ‘‘गाडी ॲव्हरेज किती देते?’’ उत्तर बहुधा ऐकीव असते.

गैरसमज : रो-रोने आणली की गाडीचे ॲव्हरेज वाढते.
वस्तुस्थिती : मार्च 2020मध्ये सुरू झालेल्या या बोटीवर गाडीचे इंजिन बंद असते. पेट्रोल जळत नाही, तसे किलोमीटरही पडत नाहीत; त्यामुळे ॲव्हरेज होते तेवढेच राहते. वाचते ते पेट्रोल. पेण-वडखळमार्गे रस्ता सुमारे 100 किलोमीटरचा. लिटरला 15 देणाऱ्या गाडीला त्यासाठी साधारण 6.7 लिटर लागतात. बोट मात्र स्वतःचे डिझेल जाळतेच.

गैरसमज : कंपनीने सांगितलेला आकडा मिळायलाच हवा.
वस्तुस्थिती : तो आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेतल्या चाचणीतून येतो. तिथे गाडी रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगाने धावते. वडखळची कोंडी तिथे नसते. दोन गाड्यांची तुलना करायला तो उपयोगी. आपला खर्च त्यावरून काढू नये.

गैरसमज : पाचशेचे पेट्रोल टाकून काटा बघितला की कळते.
वस्तुस्थिती : काटा अंदाज देतो, माप नाही. पंपाचे नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तशीच भरा. 432 किलोमीटर धावून 28.8 लिटर मावले, तर ॲव्हरेज 15.

गैरसमज : जाताना 12, येताना 18, म्हणजे सरासरी 15.
वस्तुस्थिती : 90 किलोमीटर जायला 7.5 लिटर, तेवढेच यायला 5. एकूण 180 किलोमीटरला 12.5 लिटर, म्हणजे 14.4. ॲव्हरेजची बेरीज करायची नसते. किलोमीटरची आणि लिटरची वेगवेगळी करायची.

गैरसमज : कार्लेखिंडीच्या उतारावर न्यूट्रल टाकले की पेट्रोल वाचते.
वस्तुस्थिती : फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटर सोडला, तर चाकेच इंजिन फिरवतात आणि इंधन तोडले जाते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला पेट्रोल लागतेच. शिवाय इंजिनाचा ब्रेक जातो तो वेगळाच.

मांडव्याहून अलिबागच्या बाजाराला जाऊन यायचे, तर साधारण 40 किलोमीटर; लिटरला 15 धरले तर पावणेतीन लिटरच्या आत. पैसे त्या लिटरचे जातात, चहाबरोबर सांगितलेल्या ॲव्हरेजचे नाही.