लेखांक सहावा : पाहणाऱ्यांची ओळख आणि काम देणाऱ्यांची खात्री

दृश्यकलावंताची नाममुद्रा म्हणजे त्याचे नाव उच्चारताच त्याच्या कामाचे स्वरूप, दर्जा आणि विश्वासार्हता यांविषयी ऐकणाऱ्याच्या मनात उभी राहणारी निश्चित अपेक्षा. मागील लेखांकात राजा रविवर्मा यांच्या शिळाछापांच्या आधारे तिचा विचार झाला. रविवर्म्यांची चित्रे छापखान्यातून घरोघर गेली आणि चित्रांबरोबर त्यांचे नावही गेले. सार्वजनिक स्मारकशिल्पे घडविणाऱ्या शिल्पकाराची स्थिती याहून वेगळी असते, कारण त्याचे काम लाखो लोक पाहत असले तरी ते करवून घेणारे मात्र शासनाचे एखादे खाते, नगरपालिका किंवा स्मारक समिती असे मोजकेच असतात. पाहणारा आणि काम देणारा यांच्यातील हे अंतर राम सुतार यांच्या कारकिर्दीत जितके स्पष्ट दिसते, तितके ते मराठी प्रदेशात क्वचितच दुसरीकडे दिसेल.

धुळे शहरात पांझरेपलीकडे वसलेल्या देवपूरपासून काही किलोमीटरांवर असलेल्या गोंदूर गावी, सुतारकाम करणाऱ्या कुटुंबात, १९ फेब्रुवारी १९२५ रोजी सुतार यांचा जन्म झाला. श्रीराम कृष्ण जोशी या गुरूंच्या प्रोत्साहनाने ते मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत गेले आणि १९५३ मध्ये मृदाकामासाठी, म्हणजे मातीत आकृती घडविण्याच्या कौशल्यासाठी, त्यांना मेयो पदक मिळाले. त्यानंतर १९५४ ते १९५८ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्यात राहून त्यांनी वेरूळ-अजिंठ्याच्या शिल्पांच्या जीर्णोद्धाराचे काम केले. नाममुद्रेच्या दृष्टीने हा काळ वरवर निष्फळ वाटतो, कारण जीर्णोद्धारात शिल्पकाराला स्वतःची लकब मागे ठेवून शेकडो वर्षांपूर्वीच्या कारागिराच्या प्रमाणांशी आणि छिन्नीच्या घावांशी जुळवून घ्यावे लागते. परंतु पुढे ज्या भव्य आकारासाठी त्यांचे नाव घेतले जाऊ लागले, त्या आकाराची नजर कैलास लेण्याच्या सान्निध्यात घडली असावी, असे मानण्यास जागा आहे.

माहिती व नभोवाणी मंत्रालयातील अल्पकाळची नोकरी सोडून १९५९ मध्ये त्यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. शासकीय नोकरी सोडणाऱ्या शिल्पकाराजवळ दाखविण्यासारखे एखादे ठळक काम असावे लागते. ते काम गांधीसागर धरणावरील चंबळ देवीच्या ४५ फूट उंच पुतळ्याने दिले. काँक्रीटच्या एकाच ठोकळ्यातून छिन्नीने कोरून काढलेल्या या शिल्पात नदी आईच्या रूपात उभी असून तिच्याजवळची दोन मुले मध्य प्रदेश आणि राजस्थान या दोन राज्यांची प्रतीके आहेत. एवढ्या उंचीचे काम हा शिल्पकार तडीस नेऊ शकतो, हा पुरावा ज्यांना पुढे पुतळे उभारायचे होते त्यांच्या दृष्टीने कोणत्याही प्रशस्तिपत्राहून मोलाचा होता.

दुसरा आधार महात्मा गांधींच्या अर्धपुतळ्याने, म्हणजे छातीपर्यंतच्या शिल्पाने दिला. भारत सरकारने या अर्धपुतळ्याच्या प्रती अनेक देशांना भेट दिल्या. ब्राँझच्या ओतकामात मातीतील मूळ शिल्पावरून प्लास्टरचा साचा घेतात, साच्यातून मेणाची प्रत काढतात, तिच्यावर उष्णता सोसणारे आवरण चढवून मेण वितळवून टाकतात आणि त्या पोकळीत तप्त धातू ओततात. साचा टिकला तर त्याच मुखाची दुसरी प्रत काढता येते. अनेक कलावंत पुनरावृत्तीला कमीपणा मानतात आणि ही समजूत त्यांचे मोठे नुकसान करते. सुतारांनी दीर्घकाळ एकच चेहरा पुन्हा पुन्हा घडविला आणि गांधींचा पुतळा हवा असेल तर कोणाकडे जावे, हा प्रश्नच उरला नाही.

मात्र ही खात्री काम देणाऱ्यांच्या वर्तुळापुरती होती. संसदेच्या आवारातील ध्यानस्थ गांधींच्या १६ फूट उंच पुतळ्याचे अनावरण २ ऑक्टोबर १९९३ रोजी झाले. खासदारांची निदर्शने त्याच्यापुढे होऊ लागल्याने मिटलेल्या नेत्रांची ती मूर्ती वृत्तपत्रांतून देशभर पोहोचली, पण ती कोणी घडविली हे वाचकांपैकी फारच थोड्यांना ठाऊक होते. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंच पुतळ्याचे लोकार्पण झाले आणि त्यानंतरच सुतारांचे नाव सामान्य माणसाच्या तोंडी आले. तेव्हा त्यांचे वय ९३ होते. पद्मश्री १९९९ मध्ये आणि पद्मभूषण २०१६ मध्ये, म्हणजे दोन्ही सन्मान या प्रसिद्धीच्या आधीच मिळाले होते. डिसेंबर २०२५ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. एवढ्या प्रदीर्घ कारकिर्दीतील बहुतेक काम लोकप्रसिद्धीवाचून मिळाले, ही गोष्ट इन्स्टाग्रामवरील अनुयायांची संख्या म्हणजेच नाममुद्रा असे समजणाऱ्या तरुण शिल्पकारांनी नीट ध्यानात घ्यावी. समाजमाध्यमे निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नाही. थेट प्रेक्षकाला चित्र विकणाऱ्याला ती आवश्यकच आहेत. स्मारक समितीपुढे जाणाऱ्याला मात्र पूर्ण झालेल्या प्रत्येक कामाचे छायाचित्र, उंची, माध्यम, वर्ष आणि काम देणारी संस्था यांची नेटकी नोंद अधिक उपयोगी पडते.

तरीही पाहणाऱ्यापर्यंत नाव पोहोचणे हा कलावंताचा हक्क आहे आणि कायदा त्याला मान्यता देतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार, स्वामित्वहक्क दुसऱ्याला दिल्यानंतरही कृती आपली आहे असे सांगण्याचा आणि तिची विटंबना रोखण्याचा अधिकार निर्मात्याकडे राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातील ब्राँझचे भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून मोडतोड झालेल्या अवस्थेत टाकून दिले गेले, तेव्हा शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी याच कलमाचा आधार घेतला आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना अवशेष परत देण्याचा व ५ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. आपल्याकडे पुतळ्याच्या चबुतऱ्यावर अनावरण करणाऱ्या मान्यवरांची नावे ठळक कोरली जातात आणि शिल्पकाराचे नाव मात्र वगळले जाते. खानदेशातील ज्या गावात नवा पुतळा उभा राहणार असेल, तेथील समितीने शिल्पकाराचे नाव आणि वर्ष चबुतऱ्यावर कोरण्याची अट करारातच लिहावी. आणि समितीने ती लिहिली नाही, तर शिल्पकाराने सही करण्यापूर्वी ती लिहवून घ्यावी.