हात मोकळे असतील तर

आषाढी करून गजानन महाराजांची पालखी परतते, तेव्हा खामगाव ते शेगाव या शेवटच्या टप्प्यात रस्ता दिसतच नाही, नुसती माणसं दिसतात. त्या गर्दीत वारकऱ्यांची पाऊली बघायला जागा मिळाली, तर ती नीट बघावी. समोरासमोर दोन रांगा, मधे मृदंग. टाळाच्या ठोक्यावर पाऊल पुढे, कंबरेतून वाक, पाऊल मागे, गिरकी, आणि दोन्ही रांगा एकमेकींतून आरपार. मधेच दोघं रांगेतून सुटतात आणि फुगडी धरतात.

फुगडी मंगळागौरीची, लेकीसुनांची. पण तुकोबांच्या गाथेत फुगडीवर, टिपरीवर, हुतूतूवर अभंग आहेत. म्हणजे त्यांच्या हयातीत, 1650च्या आधीच, खेळ आणि भजन यांची सोयरीक जुळली होती.

योगायोग असा की 1651 सालच्या छापाचं, जॉन प्लेफर्डचं इंग्लिश नाचांचं पुस्तक लंडनमध्ये निघालं. त्यातही समोरासमोरच्या रांगा आहेत. त्याच वंशातला कॉन्ट्रा नाच अमेरिकेत, विशेषतः न्यू इंग्लंडमध्ये, आजही नाचला जातो. एक जण हालचाली पुकारतो, रांगा त्या करतात. नवे नाच रचणारे तिथे बिनदिक्कत उसनवारी करतात. ‘पेट्रोनेला’ नावाच्या स्कॉटिश नाचातली गिरकी आधी एकच जोडी घेई. कॉन्ट्रात आता दोन जोड्यांतले चौघंही ती एकदम घेतात. एकमेकांच्या आतून-बाहेरून वेणी घालत जाण्याची त्यांची एक चाल आहे. ती आपल्या गोफाशी इतकी जुळते की पाहणाऱ्याला गोफाच्या रंगीत दोऱ्या आठवाव्यात. (इथे कुणी कुणाचं घेतलं असं मी म्हणत नाही. माणसं वेणी घालू लागली की आत-बाहेर करणारच.) मात्र कॉन्ट्रात उसनी चाल टिकते कधी? ती संपताना पुढच्या जोडीदाराचा हात वेळेवर हाती आला तरच.

हे हाताचं सूत्र आपल्याकडे लावून बघितलं आणि बरंच उलगडलं.

लेझीमचं घराणंच उसनं. शब्द फारशी, मूळ वस्तू म्हणजे दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेलं कसरतीचं धनुष्य. ते तालमीत आलं दंड कमवायला. छनछनाट ही वरकड कमाई. पुढे काठी हलकी झाली, साखळीत चकत्या वाजू लागल्या, हलगी जोडीला आली आणि कसरतीचा नाच झाला. शाळेच्या मैदानावर हुकूम मात्र हिंदीत: ‘आदि लगाव’, ‘दो रुख’, ‘आगे फलांग’, ‘पवित्रा’. यातला पवित्रा सरळ दांडपट्ट्याच्या आणि कुस्तीच्या मैदानातला. वऱ्हाडात व्यायामाला अशी शिस्त लावण्यात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा वाटा मोठा. मंडळाची स्थापना 1914ची, आणि 1936च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. 1982च्या दिल्ली एशियाडच्या उद्घाटनात लेझीम दिसली. इतका मान मिळूनही 2025 साली संभाजी महाराजांवरच्या ‘छावा’ चित्रपटातला त्यांच्या लेझीम-नाचाचा प्रसंग आक्षेपांनंतर काढावा लागला. तालमीतली कसरत की मिरवणुकीतला नाच, हे कोडं आपलं आपल्यालाच सुटलेलं नाही.

लेझीम धरली की दोन्ही हात गुंततात. म्हणून लेझीमने जे जे घेतलं ते पायाचं, गुडघ्याचं, कंबरेचं: फलांग, बैठक, झुकणं. हातांची नजाकत तिला घेताच येत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत भांगड्याचे खांदे उडतात, ते लेझीम खाली ठेवल्यावर.

टिपरीचं उलट झालं. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाड-खानदेशात भुलाबाईची गाणी आणि टिपऱ्या चालत. नवरात्रातला दांडिया आला तेव्हा हातात काठी तीच, टोलाही तसाच. शिकायला काही उरलंच नाही, म्हणून तो एका फटक्यात रुजला. त्या सोयीची किंमत भुलाबाईने मोजली: टिपरी राहिली, गाणं गेलं. ही उसनवारी मला फायद्याची वाटत नाही.

फुगडीला मात्र आधी हात रिकामे करावे लागतात. पुढच्या वर्षी शेगावच्या वाटेवर उभे राहिलात, तर फुगडी धरण्याच्या आधीचा क्षण चुकवू नका. वारकरी टाळ खाली ठेवत नाही. दोरीने गळ्यात अडकवतो, आणि मग समोरच्याचे हात धरतो.