शपथ, प्रतिज्ञा आणि नास्तिकाचें नागरिकत्व

धर्म आणि राज्यसत्ता यांचा संबंध कसा असावा, या प्रश्नाची चर्चा बहुधा मोठमोठ्या सिद्धान्तांच्या भाषेंत होते. परंतु त्याची खरी कसोटी पुष्कळदां एखाद्या लहानशा विधीच्या वेळीं लागते. निवडून आलेल्या प्रतिनिधीला सभागृहांत जागा घेण्यापूर्वीं शपथ घ्यावी लागते. ही शपथ ईश्वराच्या नांवानेंच घेतली पाहिजे असा नियम असेल, तर ज्याची ईश्वरावर श्रद्धा नाहीं त्यानें काय करावें?

इंग्लंडांत हा प्रश्न १८८० सालीं उभा राहिला. त्या वर्षीं नॉर्दम्प्टनच्या मतदारांनीं चार्ल्स ब्रॅडलॉ यांना पार्लमेंटांत निवडून दिलें. ब्रॅडलॉ हे उघड निरीश्वरवादी होते. १८६६ सालीं त्यांनीं नॅशनल सेक्युलर सोसायटी ही संस्था स्थापिली होती. शपथेऐवजीं प्रतिज्ञा करण्याची परवानगी त्यांनीं मागितली. ही मागणी अपूर्व नव्हती. शपथ घेणेंच अधर्म्य मानणाऱ्या क्वेकर पंथीयांना पार्लमेंटांत ती सवलत होती; न्यायालयांत साक्ष देणाऱ्या नास्तिकांनाही १८६९ व १८७० च्या कायद्यांनीं ती मिळाली होती. तरीही ब्रॅडलॉ यांना नकार मिळाला. तेव्हां त्यांनीं नेहमींचीच शपथ घेण्याची तयारी दर्शविली. मात्र तिच्यांतील ईश्वरविषयक शब्द आपल्याला निरर्थक वाटतात, वचन तेवढें बंधनकारक वाटतें, हें लपविलें नाहीं. त्यावर, नास्तिकाला शपथही घेतां येणार नाहीं, असें सभागृहानें ठरविलें!

पुढें न्यायालयाच्या निर्णयाच्या अधीन राहून त्यांना प्रतिज्ञा करूं देण्यांत आली. परंतु निर्णय विरुद्ध गेला आणि १८८१ सालीं त्यांची जागा रिकामी झाली. तत्पूर्वीं जून १८८० मध्यें पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यांत त्यांना एक रात्र कोंडण्यांत आलें होतें. ऑगस्ट १८८१ मध्यें तर पोलिसांनीं त्यांना बळानें बाहेर काढलें. मतदार मात्र त्यांनाच पुनःपुन्हां निवडून देत राहिले. पंतप्रधान ग्लॅडस्टन हे स्वतः निष्ठावंत ख्रिस्ती. तरीही प्रतिज्ञेची मुभा देणाऱ्या १८८३ च्या विधेयकाचा त्यांनीं पुरस्कार केला. तें अवघ्या तीन मतांनीं फेटाळलें गेलें. अखेर १८८६ सालीं नव्या सभाध्यक्षांनीं ब्रॅडलॉ यांना शपथ घेऊं दिली, आणि १८८८ सालीं त्यांच्याच प्रयत्नानें प्रतिज्ञेचा हक्क देणारा कायदा झाला.

आतां, त्या जुन्या नियमानें साधलें काय, हें पाहूं. जो नास्तिक आपलें मत गिळून शपथेचे शब्द उच्चारील, त्याला तो नियम अडवीत नव्हता. जो खरें बोलेल तेवढाच बाहेर राहत होता. म्हणजे असत्यास आळा घालण्यासाठीं ठेवलेली शपथ सत्यवक्त्यालाच शिक्षा देत होती. ईश्वराचें भय नसेल तर वचन कोण पाळील, हा आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु भय आहे कीं नाहीं, हें मोजण्याचें साधन कोणत्याही सरकारजवळ नाहीं. विज्ञानांत एखादें विधान सांगणाऱ्याचा धर्म न पाहतां प्रयोगानें तपासलें जातें. तसें लोकप्रतिनिधीचें वचन त्याच्या आचरणानेंच तपासतां येतें.

ब्रॅडलॉ हिंदुस्थानच्या प्रश्नांचे कैवारी होते. १८८९ सालीं ते मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनासही आले होते. ज्या हक्कासाठीं ते झगडले, तो पुढें भारताच्या राज्यघटनेनेंही मान्य केला. ऑक्टोबर १९४९ मध्यें घटनेच्या प्रास्ताविकाचा आरंभ ईश्वराच्या नांवानें करावा, अशी सूचना ह. वि. कामत यांनीं घटनासमितींत मांडली. तिच्या बाजूनें ४१ व विरुद्ध ६८ मतें पडून ती फेटाळली गेली. घटनेच्या तिसऱ्या परिशिष्टांत मात्र मंत्री, खासदार व आमदार यांच्यासाठीं दोन्ही मार्ग शेजारीं शेजारीं ठेवलेले आहेत: ईश्वरसाक्ष शपथ अथवा गंभीरपणें केलेली प्रतिज्ञा. दोहोंचें मोल कायद्यानें सारखेंच आहे.

यावरून इहवादी राज्य म्हणजे नास्तिक राज्य नव्हे, हें ध्यानांत येईल. तें देवाला नाकारीत नाहीं आणि नागरिकावर देव लादीतही नाहीं. श्रद्धावंताचाही यांत लाभच आहे. कारण सक्तीनें उच्चारलेलें ईश्वराचें नांव हा ईश्वराचा गौरव खास नव्हे. तथापि कायद्यानें दिलेली मोकळीक समाजानें दिल्यावांचून पुरी होत नाहीं. एखाद्यानें ईश्वरसाक्ष शब्द टाळले कीं त्याच्या नीतीविषयीं कुजबुज होत असेल, तर सन १८८० चें तें पार्लमेंट आपल्या मनांत अजून भरलेलेंच आहे म्हणावयाचें. श्रद्धावंतानें शपथ घ्यावी, नास्तिकानें प्रतिज्ञा करावी. आपण नागरिकांनीं दोघांनाही पांच वर्षांनीं एकच विचारावें, वचन पाळलें काय?