पिण्याच्या पाण्यातील रसायने : उकळण्याने न जाणारा धोका

आपल्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात शिरताना डाव्या हाताला ‘पाणी उकळून, गाळून प्या’ असा फलक अनेक वर्षे लावलेला होता. अहवाल वर्षात तो उतरवून त्या जागी नवा फलक लावण्यात आला आणि जमाखर्चात ‘पाणी तपासणी’ या नावाचे एक नवे खाते उघडण्यात आले. रक्कम लहान आहे. तथापि देणगीदारांच्या पैशांतून होणाऱ्या प्रत्येक नव्या खर्चाचे कारण सांगणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो, म्हणून हे टिपण. आमचे शिक्षण वैद्यकाचे नव्हे, वाणिज्य शाखेचे. तेव्हा आमच्या डॉक्टरांकडून जे समजून घेतले, तेच येथे शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडत आहोत.

गतवर्षी पावसाळा सरता सरता शहापूर बाजूच्या एका पाड्यावरून एक आजी तीन महिन्यांच्या नातवाला घेऊन आल्या. बाळाला जुलाब होत होते. आईला दूध पुरत नसल्याने डब्यातील पावडर पाण्यात कालवून बाटलीने दूध पाजले जात होते. साध्या उपचारांनी बाळ दोन दिवसांत सुधारले. मात्र डॉक्टरांनी पाण्याची चौकशी करताच आजी काहीशा दुखावल्या. ‘‘अवो डॉक्टर, पाणी तं मी चांगलं उकळूनच देते. अर्धं होईस्तोवर चुलीवर ठेवते,’’ असे त्या म्हणाल्या. पाणी पाड्याच्या विहिरीचे होते, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला गोठे व उकिरडा होता. नमुना प्रयोगशाळेत पाठविला. ग्रामपंचायत नियमित टीसीएल पावडर टाकत असल्याने त्यात जंतू आढळले नाहीत. नायट्रेट मात्र मर्यादेपेक्षा अधिक निघाले.

नायट्रेट म्हणजे नत्राचा, पाण्यात पूर्ण विरघळणारा क्षार. शेण, मूत्र, शौचालयाचे शोषखड्डे आणि भाताला घातलेला युरिया यांतून तो पावसाबरोबर जमिनीत झिरपतो व विहिरीत उतरतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट असू नये. आता हिशेब पाहावा. लिटरला बरोबर ४५ मिलिग्रॅम नायट्रेट असलेले एक लिटर पाणी आटवून अर्धा लिटर केले, तर वाफ होऊन जाते ते केवळ पाणी. ४५ मिलिग्रॅम नायट्रेट भांड्यातच राहते आणि प्रमाण लिटरला ९० होते. आजी जितक्या काळजीने पाणी आटवीत होत्या, तितके ते बाळासाठी अधिक वाईट होत होते. आणि उकळण्याचा उपदेश त्यांना कोणी केला होता? आमच्यासारख्यांच्या फलकांनीच.

सहा महिन्यांखालील अर्भकाच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते. ते रक्तातील हिमोग्लोबिनचे रूप पालटते आणि मग रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. बाळाचे ओठ व नखे निळसर-करडी पडतात. वेळीच उपचार न झाल्यास जीवही जाऊ शकतो. विहिरीच्या पाण्याशी असलेला हा संबंध १९४५ साली अमेरिकेतील आयोवा प्रांतातील हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी प्रथम दाखवून दिला. वर उल्लेखिलेल्या बाळास हा विकार झालेला नव्हता, हे स्पष्ट केले पाहिजे; घाबरवून सोडण्याचा आमचा हेतू नाही. आईच्या दुधातून नायट्रेट घातक प्रमाणात उतरत नाही आणि अंगावर पिणाऱ्या बाळाला पहिले सहा महिने वरच्या पाण्याची गरजही नसते. प्रश्न उरतो तो बाटलीच्या दुधाचा.

जंतूंमुळे होणारे नुकसान रोख रकमेच्या तुटीसारखे असते. त्याच दिवशी संध्याकाळी कळते. रसायनांचे बरेचसे नुकसान घसाऱ्यासारखे वर्षानुवर्षे चढत जाते आणि ध्यानात येते तेव्हा भरून काढता येत नाही. आपल्याच राज्यात याचे उदाहरण आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात गावोगावी कूपनलिका खोदल्या गेल्या. त्या पाण्याने पटकी-हगवणीला आळा बसण्यास मोठी मदत झाली, हे उपकार नाकारता येणार नाहीत. परंतु यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत खोल खडकातील फ्लोराइडही त्याच पाण्याबरोबर वर आले. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड इष्ट आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ पर्यंत चालवून घ्यावे, असे मानक सांगते. त्याहून अधिक गेल्यास मुलांच्या दातांवर डाग पडतात, आणि बऱ्याच अधिक प्रमाणात अनेक वर्षे पोटात गेल्यास पाठीचा कणा व सांधे ताठ होतात. वाकलेला कणा सरळ करणारे औषध नाही. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने तुरटी व चुन्याच्या साहाय्याने फ्लोराइड काढण्याची पद्धत १९७० च्या दशकातच विकसित केली होती; परंतु पाणी तपासलेच नाही, तर पद्धत कोठे वापरायची? बांगलादेशात याहून भीषण घडले. जुलाबांपासून लोकांना वाचविण्यासाठी खोदलेल्या लक्षावधी नळविहिरींत आर्सेनिक असल्याचे १९९३ मध्ये निश्चित झाले.

मुरबाड-शहापूरचा खडक काळा बेसाल्ट असल्याने फ्लोराइडची धास्ती आपल्याकडे तुलनेने कमी आहे. आपले प्रश्न निराळे. आपल्या तालुक्यातून निर्मळ वाहणाऱ्या काळू नदीच्या खालच्या टप्प्यात, आंबिवलीच्या परिसरात, कारखान्यांच्या सांडपाण्यातील पारा पोहोचल्याची नोंद अभ्यासकांनी १९७०-८० च्या दशकांतच केली आहे. पारा गाळात बसतो आणि माशांतून माणसाच्या पोटात येतो. औद्योगिक वसाहत आता आपल्या तालुक्यातही आहे, म्हणून हे नमूद केले.

दुसरी गोष्ट अगदी घरातली आहे. शहापूर तालुक्यातील तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईकर पितात आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. टँकर आला की पाणी साठवायला पिंप लागते आणि भंगारवाल्याकडे निळी प्लास्टिकची पिंपे स्वस्तात मिळतात. त्यांत पूर्वी कोणते रसायन होते, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. साबणाने कितीही घासले तरी प्लास्टिकमध्ये मुरलेले रसायन हळूहळू पाण्यात उतरते. कीटकनाशकाच्या रिकाम्या डब्याविषयी तर बोलायलाच नको. अशा पिंपातील पाणी भांडी वा कपडे धुण्यासही वापरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रंगावरून व चवीवरून पाण्याची परीक्षा होत नाही. हातपंपाचे लोहयुक्त तांबूस पाणी लोक नाकारतात आणि नितळ, गोड विहिरीकडे वळतात. लोहाचा उपद्रव बहुधा चवीपुरता व कपड्यांवरील डागांपुरता असतो, तर नायट्रेटला रंगही नाही आणि वासही नाही. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, विरघळलेले क्षार जात नाहीत. साध्या कँडल फिल्टरनेही जात नाहीत. आरओ यंत्राने जातात. पण ते यंत्र बरेचसे पाणी वाया घालविते, म्हणून टँकरवर जगणाऱ्या पाड्याला त्याचा सल्ला देणे आम्हास प्रशस्त वाटत नाही. बाटलीच्या बाळापुरते पाणी तपासलेल्या दुसऱ्या स्रोतातून आणणे आणि उकिरडा व शोषखड्डा विहिरीपासून किमान ५० फूट दूर, उताराच्या खालच्या बाजूस नेणे, हे अधिक स्वस्त पडते.

याचा अर्थ उकळणे सोडावे असा मुळीच नाही. जुलाब व कावीळ पसरविणारे जंतू आजही आपल्या भागातील मोठे शत्रू आहेत, आणि ते उकळल्याने मरतात. पाण्याला खळखळून उकळी आली की मिनिटाभराने भांडे उतरवावे, आटवू नये. नव्या फलकावर हेच वाक्य मोठ्या अक्षरांत आहे आणि त्याखाली ‘वर्षातून दोनदा पाणी तपासून घ्या’ असे लिहिले आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत रासायनिक तपासणी होते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावातील पाच महिलांना तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या गावातील त्या महिला कोण, हे ग्रामपंचायतीत विचारावे.

ज्यांच्या घरी बाटलीने दूध पिणारे अर्भक अथवा गरोदर स्त्री आहे, त्यांच्या पाण्याचा नमुना रुग्णालय स्वखर्चाने प्रयोगशाळेत पाठविते. नवे खाते त्यासाठीच आहे. स्वच्छ बाटल्या नोंदणी खिडकीवर मिळतात. ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळावी, काठोकाठ भरावी आणि वर गावाचे, पाड्याचे व विहिरीचे नाव लिहून दुसऱ्या दिवसापर्यंत आणून द्यावी.