पहिल्या अंकाचा जुगार

बॅटमॅन गरीब झाला, ही बातमी मला जेवणाच्या टेबलावर कळली. २०२४ च्या पानगळीत न्यू जर्सीला बहिणीकडे मुक्कामाला होते. तिचा मुलगा कॉलेज सांभाळून आठवड्यातले दोन दिवस कॉमिक्सच्या दुकानात काम करतो. "मावशी, नवा बॅटमॅन बघितलास का? वाडा नाही, बटलर नाही, पैसा तर नाहीच," आमटी वाढून घेत तो म्हणाला. आमच्या पिढीचं कॉमिक्स म्हणजे मराठी इंद्रजालमधला वेताळ. तो आपल्या गुहेतून हलला नाही आणि त्याची जन्मकथाही आम्ही कधी बदललेली पाहिली नाही. १९३९ पासून गर्भश्रीमंत असलेल्या माणसाला पंच्याऐंशीव्या वर्षी कफल्लक कोण करतं, असं मी विचारलं. भाचा म्हणाला, "करतात डीसीवाले, कॅलिफोर्नियात बसून. निस्तरतो आम्ही."

हे निस्तरणं बघायला मी दुकानात गेले आणि मग जातच राहिले.

रस्त्याकडेच्या बैठ्या चाळवजा बाजारात लॉन्ड्री आणि पिझ्झाचं दुकान यांच्यामध्ये ते आहे. दार उघडलं की नव्या शाईचा आणि पुठ्ठ्याचा वास येतो, त्यात शेजारचा भाजलेला लसूण मिसळलेला. कॉमिक्सचा अमेरिकेतला वार बुधवार. माल आदल्या दिवशी येतो. बॅटमॅन काढणाऱ्या डीसीची खोकी लूनर नावाच्या वितरकाकडून, स्पायडरमॅन काढणाऱ्या मार्व्हलची पेंग्विन रँडम हाउसकडून. खोकी फोडायची, यादीशी ताडून अंक मोजायचे, कोपरा दुमडलेला निघाला तर बाजूला काढायचा. मग नेहमीच्या गिऱ्हाइकांचे गठ्ठे लावायचे. प्रत्येकाच्या नावाची फाइल असते आणि त्यात त्याने आधी सांगून ठेवलेले अंक जातात. याला इथे 'पुल लिस्ट' म्हणतात. दुकान खरं चालतं ते या फायलींवर.

भाचा अंक पिशवीत घालतो ते मी पुष्कळदा जवळून पाहिलं. पारदर्शक पिशवी, तिच्यात आम्लविरहित पांढरा पुठ्ठा, पुठ्ठ्यावर अंक. अंक सरकवताना कण्याकडची बाजू आधी जाते, म्हणजे शिवणीशी मुखपृष्ठाला चुण्या पडत नाहीत. चिकटपट्टीचे तुकडे आधीच फाडून टेबलाच्या कडेला ओळीने लावलेले असतात. पिशवीचं तोंड मागे दुमडून त्यावर एक तुकडा. ही पट्टी चुकून मुखपृष्ठाला लागली की अंक गेला. त्याचा हात एवढा बसला आहे, की हे सगळं तो माझ्याशी गप्पा मारत करतो आणि नजर मात्र अंकावरून हलवत नाही.

काउंटरमागे मालकीणबाई. साठीच्या, चष्मा कपाळावर, हातात पेन्सिल. मागणी संगणकावरूनच जाते, पण त्याआधी आकडा लांबट वहीत लिहिला जातो. मी पाहिलं तेव्हा 'ॲब्सोल्यूट बॅटमॅन, अंक ३' म्हणजे त्याच गरीब बॅटमॅनच्या नावापुढे ४० लिहिलं होतं. ते खोडून ५५ झालं. मग फायली चाळून झाल्या, बाहेर डोकावून झालं आणि ५५ खोडून ५० झालं. कागद तिथे घासून पातळ झाला होता. एका मासिकाच्या प्रती मागवायला इतकी घालमेल कशाला, असं मला वाटलं. त्यांनी कारण दोन शब्दांत सांगितलं, "तीन आठवडे."

शेवटची मागणी अंक यायच्या सुमारे तीन आठवडे आधी नोंदवावी लागते. पहिला अंदाज त्याच्याही कितीतरी आधी कॅटलॉग पाहून दिलेला असतो, तो या तारखेपर्यंत वाढवता-घटवता येतो. त्यानंतर आकडा पक्का. आणि न खपलेला माल परत जात नाही. आपल्याकडे नाक्यावरचा वृत्तपत्रविक्रेता न खपलेली मासिकं परत करतो. अमेरिकेतही एके काळी तसंच होतं. १९७० च्या दशकात फिल स्यूलिंग या माणसाने प्रकाशकांशी नवा व्यवहार जमवला. माल परत करणार नाही, त्याबदल्यात सवलत जास्त द्या, असा. त्यातून कॉमिक्सची स्वतंत्र दुकानं उभी राहिली. आज दुकानदाराला अंक साधारण निम्म्या किमतीत पडतो. म्हणजे पडून राहिलेला प्रत्येक अंक विकल्या गेलेल्या एका अंकाचा नफा खातो.

आता यात नवं विश्व सुरू करा, म्हणजे तेच नायक पुन्हा पहिल्या अंकापासून. डीसीच्या 'ॲब्सोल्यूट' मालिकेतला बॅटमॅनचा पहिला अंक ९ ऑक्टोबर २०२४ ला आला. त्याचा आकडा पक्का करायचा होता सप्टेंबरात, तीन आठवडे आधी. तेव्हा हातात काय होतं? लेखक स्कॉट स्नायडर, चित्रकार निक ड्रॅगोटा ही नावं आणि नमुन्याची चार पानं. दुसरा अंक नोव्हेंबरच्या मध्यावर. त्याचा आकडा पहिला येऊन पंधरवडा होतो न होतो तोच ठरवायचा, म्हणजे पहिला अंक लोकांनी नुसता पाहण्यासाठी घेतला की त्यांना तो आवडला, हे कळायच्या आत. जुन्या मालिकेत मागच्या महिन्याचा खप तरी समोर असतो. पहिल्या अंकाला मागचा महिनाच नसतो.

त्यात मुखपृष्ठांची भानगड. एकाच अंकाला निरनिराळ्या चित्रकारांची मुखपृष्ठं असतात आणि त्यातली काही 'पंचवीसला एक' या दराने मिळतात. साध्या पंचवीस प्रती मागवल्या तर दुर्मीळ मुखपृष्ठाची एक प्रत घेता येते. ती चढ्या भावाने विकता येते, म्हणून दुकानदार पंधराच्या जागी पंचवीस मागवतो. प्रकाशकाच्या विक्रीत दहा प्रती वाढतात, वाचक मात्र एकही वाढत नाही. मोठमोठ्या खपाचे आकडे जाहीर होतात त्यात असल्या प्रती किती, हे बाहेरच्याला समजायला मार्ग नाही.

या दुकानात मला सगळ्यात जास्त ओढून नेत होता तो मागच्या भिंतीलगतचा खोका. 'कोणताही अंक १ डॉलर', अशी वर पाटी. मी फावल्या वेळात तो चाळत बसायची. हाताला लागत होते ते बहुतेक पहिले अंक. २०११ मध्ये डीसीने जुना पसारा आवरून एकदम ५२ मालिका पहिल्या क्रमांकापासून सुरू केल्या होत्या. त्यातल्या कित्येक इथे होत्या, मुखपृष्ठावर मोठ्ठा १, आत वीस-बावीस पानांत उभं केलेलं जग. कुणीतरी ते लिहिलं, पेन्सिलने काढलं, शाईने गिरवलं, रंगवलं, फुग्यांत अक्षरं बसवली. कुणा दुकानदाराने तीन आठवडे आधी त्याचा आकडा लिहिला, आणि तो चुकला. नव्या विश्वाच्या जाहिरातींवरचा माझा विश्वास त्या खोक्यापाशी उडाला.

तरी हा उद्योग मूर्खपणाचा आहे, असं मी म्हणणार नाही. त्यामागची अडचण खरी आहे. स्पायडरमॅन १९६२ चा. त्याच्या गोष्टीत अर्ध्या शतकाहून अधिक काळाची लग्नं, मृत्यू आणि पुनर्जन्म साठले आहेत, नवा वाचक दारातच अडखळतो. मार्व्हलने १९९६ च्या डिसेंबरात दिवाळखोरीचा अर्ज केला होता. त्यातून सावरताना, २००० साली त्यांनी 'अल्टिमेट' हे समांतर विश्व काढलं. जुनं चालू ठेवायचं आणि शेजारी तेच नायक आजच्या काळात पुन्हा पहिल्यापासून उभे करायचे. १९६२ मध्ये ११ पानांत उरकलेली स्पायडरमॅनची जन्मकथा ब्रायन मायकेल बेंडिस आणि मार्क बॅगली यांनी कित्येक अंक खुलवली. या जोडीने सलग १११ अंक केले. पण बघता बघता या विश्वालाही स्वतःचा इतिहास चिकटला. जे ओझं टाळायला ते काढलं, तेच त्याच्या पाठीवर बसलं. २०१५ मध्ये ते मोडीत निघालं. त्यातून टिकून राहिला माइल्स मोरॅलेस. २०११ मध्ये तिथे जन्मलेला हा मुलगा मूळ विश्वात आणावा लागला, कारण वाचक त्याला सोडेनात.

२०२४ च्या जानेवारीत 'अल्टिमेट स्पायडरमॅन' पुन्हा पहिल्या अंकापासून आला. या वेळी लेखक जोनाथन हिकमन, चित्रकार मार्को केकेट्टो. भाच्याने तो माझ्या हातात ठेवला आणि मी दुकानातल्या स्टुलावर बसून वाचला. यातला पीटर पार्कर तिशी ओलांडलेला, बायको आणि दोन मुलं असलेला. काका जिवंत आहेत, काकू गेली आहे. कोळी चावायचा होता तेव्हा चावलाच नाही, कारण एका दुष्टाने या जगातल्या नायकांचं नशीबच आधी चोरून ठेवलं. पोरवयात हुकलेली गोष्ट प्रपंचात पडल्यावर समोर आली तर माणूस ती घेईल का, असा प्रश्न त्यात आहे. चाळिशीतल्या गिऱ्हाइकांनी हा अंक का उचलला, ते मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. शिवाय गोष्ट वाचकाच्या बरोबरीने चालते, अंकांमध्ये एक महिना गेला की तिथेही महिना जातो. बॅटमॅनचंही तसंच. वडील शाळामास्तर, ते शाळेच्या सहलीत प्राणिसंग्रहालयात मारले गेले. आई हयात. मुलगा बांधकामातलं शिकलेला, अंगापिंडाने आडदांड, आणि छातीवरचं वटवाघूळ उपसून कुऱ्हाडीसारखं वापरणारा. पैसा काढून घेतल्यावर बॅटमॅनमध्ये काय उरतं, हे तपासून पाहण्यात लेखकाला मजा आली आहे आणि ती वाचताना जाणवते.

असा प्रयोग आपल्या मुंबईच्या नावावरही आहे. २००४ मध्ये शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी 'स्पायडरमॅन: इंडिया' काढला. पीटर पार्करच्या जागी धोतर नेसलेला पवित्र प्रभाकर. मालिका चार अंकांत आटोपली. पण २०२३ च्या ॲनिमेशनपटात तो परतला आणि भारतात तो चित्रपट मराठीतही लागला. भाच्याने पवित्रचा एक अंक काउंटरमागे लावून ठेवला आहे, विक्रीसाठी नाही.

एका बुधवारी मी दार उघडायच्या वेळेपासून थांबले. दुपारपर्यंत ॲब्सोल्यूट बॅटमॅनच्या पहिल्या अंकाची पुनर्मुद्रित प्रत मागणारे कितीतरी आले. त्यातला एक गृहस्थ म्हणाला, की कॉलेज सुटल्यावर त्याने कॉमिक्स सोडलं होतं. मालकीणबाईंनी त्याला अंक दिला आणि लगेच विचारलं, "पुढचे ठेवू का तुमच्या नावाने?" तो विचार करून सांगतो म्हणाला. तो गेल्यावर वहीतल्या पन्नासावर पेन्सिल क्षणभर टेकली, पण आकडा तसाच राहिला. मी त्यांना विचारलं, हे नवं विश्व टिकेल का? त्या म्हणाल्या, पहिल्या अंकावरून काही सांगता येत नाही, सहाव्याला किती जण फायलीत उरले त्यावर सांगेन.

माझंही मत तेच झालं आहे. नवं विश्व काढण्यात गैर काही नाही, पण त्याचा जुगार एकट्या दुकानदाराच्या पैशाने खेळला जातो, ते गैर आहे. यावर तोडगा नाही असंही नाही. २०११ च्या वेळी डीसीने बऱ्याच मालिकांचे अंक काही अटींवर परत घेण्याची सोय केली होती. पहिल्या तीन अंकांपुरती ती सोय कायमची ठेवली, तर प्रकाशक स्वतःच बेतशीर जाहिरात करतील. दुसरं, अशा विश्वाला शेवट हवा. मार्व्हलने आपलं नवं अल्टिमेट २०२६ मध्ये संपवायचं जाहीर केलं आहे. चाललेली मालिका बंद करता म्हणून अनेक वाचक चिडले. मला मात्र त्या घराण्यातला हा सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो.

आपलं, वाचकांचं काम सोपं आहे. एखादी मालिका आवडली तर दुकानात जाऊन पुढचे अंक आपल्या नावावर लिहून ठेवायला सांगा. दिवाळी अंकाच्या बाबतीतही हेच लागू आहे. अंक निघाल्यावर येऊन 'संपला का?' विचारण्यात काही अर्थ नसतो. त्या दुकानात तरी तो आकडा तीन आठवडे आधी ठरलेला असतो.